आबांचं ईमेल खातं त्यांच्याच हातात राहावं, कसं काढू?

उद्यमनगरची_लेक
आमचे आबा ३१ वर्षं उद्यमनगरात लेथवर होते. पेन्शनच्या कागदांसाठी ईमेल लागला, म्हणून गेल्या वर्षी एका नेट कॅफेत ४० रुपये देऊन जीमेलचं खातं काढून घेतलं. कॅफेवाल्यानं घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला आणि पासवर्ड पावतीच्या मागं लिहून दिला. पावती सदऱ्याच्या खिशातून धुण्यात गेली. आता ओटीपी त्याच्या नंबरवर जातो, नंबर लागत नाही आणि कॅफेला कुलूप आहे.

नवीन खातं काढायचंय, पण या वेळी आबांच्या हातानं. त्यांना मराठी टाईप येतं, इंग्रजी अक्षरं शोधत दाबतात. त्यांचे दोन प्रश्न आहेत: फुकट आहे म्हणता, मग पुढं पैसे कधी मागणार? आणि माझं नाव दुसऱ्यानं आधीच कसं घेतलं? नीट सांगा, त्यांना वाचून दाखवणार आहे.

रंकाळा_संध्याकाळ
ताई, १५ जीबीपर्यंत पैसे लागत नाहीत. पण ती जागा मेल, ड्राईव्ह आणि गुगल फोटोज मिळून आहे. फोनमधले फोटो आपोआप चढत राहिले तर जागा भरते आणि मग मेल येणंच थांबतं. आबांच्या फोनवर फोटोंचा बॅकअप बंदच ठेवा.

नावाचं म्हणाल तर अख्ख्या जगात तो पत्ता एकालाच मिळतो. मध्ये टिंब घालून उपयोग नाही, जीमेल टिंब धरतच नाही. नावापुढं गावाचं किंवा कामाचं नाव जोडा. जन्मसाल मात्र पत्त्यात नको.

सायबर_मास्तर
सिम आबांच्या नावावरचंच वापरा आणि रिचार्ज संपू देऊ नका. बंद पडलेला नंबर कंपनी पुढं दुसऱ्याला देते, मग पुन्हा तीच गत. रिकव्हरी ईमेल म्हणून, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला, तुमचा पत्ता द्या. जन्मतारीख खरी टाका.

सगळ्यात महत्त्वाचं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून अडीअडचणीला लागणारे बॅकअप कोड काढा. आठ आकडी दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो. फोन हरवला तरी या कोडनं खात्यात जाता येतं. आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, तेव्हा महिन्यातून एकदा तरी उघडायला लावा.

उद्यमनगरची_लेक
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी जेवणं झाल्यावर बसलो. आधी फोनची भाषा मराठी केली, त्यानं निम्मी भीती गेली. पत्त्यात आडनावापुढं 'टर्नर' (लेथवर काम करणारा) लावलं, ते लगेच मिळालं. आबा एवढे खूश झाले की दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला, मलाही सांगितला नाही आणि मी विचारला नाही. कॅफेत जे झालं त्यानंतर त्यांना हे हवंच होतं.

कोड वहीत उतरवून वही ट्रंकेत, रेशन कार्डाशेजारी ठेवली. पहिला मेल त्यांनी मला पाठवला, "पोचला का." बाहेरच्या खोलीतून आत.

आता जिथं जिथं जुना पत्ता दिलाय, तिथं तो बदलून घ्यायचाय. बँकेपासून सुरुवात करते.