मूळ, हर्षद, स्वयंभू : ४२२००१ ला काय म्हणावं?

विचारणा
नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ४२२००१. निव्वळ संख्या म्हणून पाहिलं तर ही मूळ, हर्षद की स्वयंभू? आणि ‘मूळ’ नि ‘स्वयंभू’ यांचा अर्थ एकच का?

उत्तर
एकच नाही. मूळ म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज विभाजक नसलेली. शेवटी १ दिसला की मूळ असल्याचा भास होतो, पण इथे अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो: ४२२००१ = ३ × ३ × ४६८८९. पुढचं काम ४६८८९ चं. त्याचं वर्गमूळ २१६ च्या थोडं पुढे, म्हणून २ ते २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनीच भागून पाहायचं. एकानेही भाग जात नाही, म्हणजे ४६८८९ मूळ. बरेच जण शंभराच्या आसपास थांबतात आणि ‘मूळ’ असा शिक्का मारतात. तेवढ्याने ते सिद्ध होत नाही.

तेव्हा ४२२००१ संयुक्त. विभाजक सहा: १, ३, ९, ४६८८९, १४०६६७ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बेरीज १८७५६९, खुद्द ४२२००१ च्या निम्म्याहूनही कमी, म्हणून न्यून (विभाजकांची अशी बेरीज संख्येहून कमी भरते ती).

दुसरं उत्तर
‘हर्षद’ आणि ‘स्वयंभू’ या कल्पना आपल्या देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या. हर्षद म्हणजे आनंद देणारी: अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती. ४२२००१ ÷ ९ = ४६८८९, म्हणून ही हर्षद. नाशिकरोडचा ४२२१०१ मात्र नाही. बेरीज १०, शेवटचा अंक १.

इथे हमखास होणारी चूक: बेरजेची पुन्हा बेरीज करून एका अंकावर येणं. ९९ ची बेरीज १८. तिचे पुन्हा ९ केले तर ९९ हर्षद वाटेल, पण १८ ने भाग जात नाही, म्हणून नाही.

‘स्वयंभू’बद्दल
कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी मिळत नाही, ती स्वयंभू. २० अशी आहे, ९७ ही आहे. पण ९७ मूळही आहे आणि २० संयुक्त. उलट ११ मूळ असून स्वयंभू नाही, कारण १० + १ = ११.

४२२००१ साठी मागे शोधायचं: जिच्यात तिचीच अंकबेरीज मिळवून ४२२००१ येते अशी संख्या, म्हणजे जनक, आहे का? एखादी संख्या आणि तिची अंकबेरीज ९ ने भागता सारखीच बाकी देतात, म्हणून जनक असलाच तर ९ च्या पटीतला. ४२१९९२ ची बेरीज २७, हवी ९ (४२२००१ − ४२१९९२). ४२१९८३ ची २७, हवी १८. ४२१९७४ ची २७, आणि हवीही २७! जनक सापडला, स्वयंभू नाही.

पुरवणी
हे शब्द एका पंगतीत बसवू नयेत. मूळ, संयुक्त, न्यून हे संख्येचे स्वतःचे गुण. हर्षद आणि स्वयंभू हे दशमान लेखनावर अवलंबून: २७ हर्षद, पण द्विमानात ती ११०११, बेरीज ४, आणि ४ ने २७ ला भाग जात नाही. व्याख्या देताना ‘दशमान पद्धतीत’ हे शब्द गाळू नका.