आईच्या हिरड्या, शुगर आणि मशेरी: डीप क्लीनिंग करावं का?

नमस्कार मंडळी,
आई साठीची, राहते कराडजवळ गावी. मधुमेह जुना, शेवटचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१. ब्रशला रक्त कधीपासून येतंय ते तिनं कुणाला सांगितलंच नाही. आता खालचे पुढचे दोन दात हलतात, भाकरी आमटीत कुस्करून खाते. तोंडाला वास येतो म्हणून नातवाशी बोलतानाही तोंडाशी पदर.

डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घालून मोजलं. निरोगी हिरडीत ती ३ मिमीपर्यंत जाते, आईच्या दाढांशी ५-६, एका ठिकाणी ७. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, हाड खाली गेलेलं दिसतंय. निदान पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे हिरड्या सुजून दाताभोवतीचं हाड झिजणं. आधी भूल देऊन हिरडीखालची सफाई (डीप क्लीनिंग), काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी, तरीही पॉकेट (दात-हिरडीमधली फट) खोल राहिले तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून सफाई.

आईचं म्हणणं, "कीटण हाय म्हणून दात धरून हायत, काढलं तर हातात येतील." शिवाय मशेरी. तव्यावर भाजलेली तंबाखू दिवसातून तीनदा, आणि तिनंच हिरड्या घट्ट राहतात यावर तिची श्रद्धा! मेडिकलवाल्यानं दिलेला गमपेंट (हिरड्यांना लावायचं औषध) मात्र बिनतक्रार लावते.

शुगर खाली येईपर्यंत थांबावं का? सफाईनंतर दात खरंच जास्त हलतात? आणि मशेरी कुणी सोडवली आहे का घरात?

---

मी पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांची डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही, पण थांबू नका. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांच्या सुजेनं शुगर आटोक्यात येत नाही, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.४ ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलंय. फिजिशियनना कळवा, सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी चुकवू नका.

दात हलतो तो हाड गेल्यामुळे. कीटणाचा आधार म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला रंगाचा आधार. काढल्यावर सूज उतरते, मग फटी दिसतात, गार पाणी झोंबतं. लोक त्याचं खापर सफाईवर फोडतात. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण सूज गेल्यावर दात बऱ्याचदा थोडे घट्ट होतात. पुढे दर तीन महिन्यांनी दाखवावं लागेल. इथेच बहुतेक जण ढेपाळतात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या दिल्या तर दोनेक आठवडेच, दातांवर डाग पडतात. दातांच्या फटीत इंटरडेंटल ब्रश हवाच. गमपेंट पॉकेटच्या तळाशी पोचत नाही.

बीपीची गोळी चालू असेल तर कोणती? अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगतात.

---

मशेरीबद्दल: आमच्या सासूबाईंना एकदम सोडवायला गेलो तर डबी धान्याच्या कणगीत लपवायला लागल्या. मग आधी दुपारची बंद केली, त्या वेळेला बडीशेप. सकाळची सर्वांत शेवटी सुटली, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही हा हट्ट. सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट. तुम्ही आधी बोला, मग आईंना द्या.

---

धन्यवाद डॉक्टर ताई, बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिनच आहे, ५ मिग्रॅ. फिजिशियनना उद्याच विचारते, मनानं बंद करत नाही. साताऱ्यात किंवा कराडात फ्लॅप करून घेतलेलं कुणी असेल तर किती दिवस पातळ खावं लागलं तेवढं सांगा.