पीएफ फायरवॉल: पीडीएफमधला नियम जसाच्या तसा टाकला तरी सिंटॅक्स एरर, मदत हवी आहे

उद्यमबाग_फौंड्री: सप्लायरने दिलेल्या पीडीएफमधली ही ओळ पीएफ.कॉन्फमध्ये (फायरवॉलच्या नियमांची फाईल) टाकली:
पास इन ऑन इग्रेस प्रोटो टीसीपी टू पोर्ट ४४३ आरडीआर-टू १९२.१६८.१.१०
सिंटॅक्स एरर. स्पेलिंग, स्पेस सगळं तपासलं. पुण्याच्या गिऱ्हाईकाला कास्टिंगचे टेस्ट रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर बघायचेत, सकाळपासून फोनवर फोन. लवकर सांगा.

खानापूरकर: ओएस कुठली? व्हर्जन?

उद्यमबाग_फौंड्री: पीएफ आहे म्हटलं की.

खानापूरकर: पीएफ ओपनबीएसडी या ओएसमध्येही असतो, फ्रीबीएसडीतही. यूनेम -ए मारून काय येतं ते सांगा.

निपाणीचा_नाना: कशाला डोकं लावताय? आम्ही तंबाखूच्या वखारीत तयार फायरवॉल बॉक्स बसवला. ब्राउझरमधून सगळं होतं, वायफायचंही भागलं.

उद्यमबाग_फौंड्री: फ्रीबीएसडी १३. नाना, बॉक्स नकोय.

खानापूरकर: मग पीडीएफच चुकलीय. आरडीआर-टू (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडे वळवणं) ही ओपनबीएसडी ४.७ पासूनची, म्हणजे २०१० ची पद्धत. फ्रीबीएसडी १३ ला जुनीच लागते:
आरडीआर ऑन ईएम० प्रोटो टीसीपी फ्रॉम एनी टू (ईएम०) पोर्ट ४४३ -> १९२.१६८.१.१०
ईएम० च्या जागी तुमच्या बाहेरच्या कार्डाचं नाव. इग्रेस हा बाहेरच्या कार्डांचा ग्रुप ओपनबीएसडी आपोआप बनवतं, इथे नाही. ही ओळ पास-ब्लॉकच्या वर हवी. पासच्या नियमात पत्ता १९२.१६८.१.१० असाच द्या, कारण पत्ता आधी बदलतो, फिल्टर नंतर लागतो. लोड करण्याआधी पीएफसीटीएल -एनएफ ने फाईल तपासून घ्या.

टिळकवाडी_टर्मिनल: आणि सगळ्यात खाली ब्लॉक ऑल.

खानापूरकर: अजिबात नको! पीएफमध्ये नियमात क्विक हा शब्द लिहिला नसेल तर शेवटचा जुळणारा नियम लागतो. ब्लॉक ऑल खाली टाकलात तर सगळंच बंद. पास-ब्लॉकच्या नियमांत तो पहिला हवा, आरडीआरच्या ओळीखाली.

टिळकवाडी_टर्मिनल: लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलमध्ये मी वर्षानुवर्षं खालीच टाकतोय.

खानापूरकर: तिथे पहिला जुळणारा लागतो, म्हणून चालतं. हे लिनक्स नव्हे हो.

चंदगडकर: बेळगावात स्टॅटिक आयपी कुणाकडून घेता? आमच्याकडे मिळेना झालाय.

उद्यमबाग_फौंड्री: एरर गेला, पण पान उघडत नाही!

खानापूरकर: फौंड्रीच्या वायफायवरून बघताय का? आतून येणारं ट्रॅफिक बाहेरच्या कार्डावर येतच नाही, मग ती ओळ लागणार कशी? मोबाईल डेटावर बघा.

उद्यमबाग_फौंड्री: डेटावर उघडलं! गिऱ्हाईकालाही दिसलं. पण राग येतोय. मथळ्यात फ्रीबीएसडी आणि आत उदाहरणं ओपनबीएसडीची. हीच पीडीएफ शेजारच्या मशीन शॉपवाल्यांनाही दिलीय. पान नंबरासकट सप्लायरला मेल करतोय.

खानापूरकर: कराच. प्रत्येक उदाहरणावर ओएस आणि व्हर्जन छापा म्हणावं. तोवर मशीनवरच मॅन पीएफ.कॉन्फ (या फाईलचं मॅन्युअल) उघडा, ते तुमच्याच व्हर्जनचं असतं.

निपाणीचा_नाना: बॉक्स बघायचा असेल तर या कधीही निपाणीला.