गवई दिवाणखान्यात आणून बसवायचा अट्टहास कशाला?

खर्जप्रेमी
काल 'सुरेल_संसार' यांनी आपल्या नव्या म्युझिक सिस्टिमचं कौतुक लिहिलं. हौसेला मोल नाही, पण शेवटचं वाक्य डोक्यात गेलं: "डोळे मिटल्यावर गवई चार हातांवर बसलेला दिसत नसेल, तर ती सिस्टिम भंगारात काढा." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

ज्या 'प्रत्यक्ष' गाण्याशी तुलना चालते, ते आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. तिथे मंडपात मागे भारतीय बैठकीवर बसून आपण जे ऐकतो, ते खांबाला लावलेल्या स्पीकरमधूनच येतं ना? मग घरच्या स्पीकरने त्या स्पीकरची नक्कल करायची? बिनमाइकची बैठक नियमित ऐकलेला माणूस आता शोधावा लागेल.

आणि रेकॉर्डिंगमध्ये मुळात नाही ते स्पीकर कुठून देणार? नव्वदच्या दशकातल्या सीडी काढून बघा. तबला डावीकडे, डग्गा उजवीकडे, म्हणजे तबलजीचे हात आठ फूट लांब. आवाजावर इतका इको की बडा ख्याल विहिरीतून आल्यासारखा वाटतो. सिस्टिम जितकी भारी, तितकी ही लबाडी उघडी पडते.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली. ती तव्यावरची, म्हणजे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डवरची आहे, साडेतीन मिनिटांची, मोनो. त्यात बाई 'समोर बसलेल्या' नाहीत. आवाजाचा लगाव मात्र पहिल्या सुरात कळतो. मला तेवढं पुरतं.

सुरेल_संसार
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

केसरबाईंना मध्ये आणून बरोबर जिंकलात, त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार! पण साहेब, तव्याच्या जमान्यात दुसरं काही नव्हतं म्हणून तसं ऐकलं. तुमच्या मोबाइलवर किंवा छोट्या जुन्या टेपरेकॉर्डरवर काळी एक पट्टीतल्या गवयाचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, वाजतच नाही. तो ६९ हर्ट्झला आहे. वरचे स्वरांश ऐकून कान अंदाजाने खर्ज भरून काढतो. नाव खर्जप्रेमी आणि खर्ज काल्पनिक!

परवा आईला एक जुनं थेट मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती सत्तरीच्या पुढची, तिला सिस्टिम-बिस्टिम काही कळत नाही. पाच मिनिटांनी म्हणाली, "हा पेटीवाला भाता फार ओढतोय रे." भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक तिला ऐकू आली. वर्षानुवर्षं तीच कॅसेट ऐकून कधी आली नव्हती. मी वास्तव म्हणतो ते हे.

अर्धा_डेसिबल
दोघेही ज्यावर भांडताय त्यातला अर्धा आवाज खोलीचा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत आठ फूट अंतर असेल तर ती खोली ७० हर्ट्झच्या आसपास घुमते. म्हणजे नेमका वर सांगितलेला खर्ज. दोन भिंतींच्या मधोमध बसलात तर खर्ज गायब, भिंतीला टेकलात तर छातीवर बसतो. जाड पडदे लावून हे जात नाही, पडदे वरचेच सूर खातात. लाखाचा अँप्लिफायर घेण्याआधी खुर्ची दोन फूट सरकवून बघा. फुकट आहे.

कोथरूडची_काकू
खुर्ची सरकवा म्हणे! एका बाजूला शोकेस, दुसऱ्या बाजूला दिवाण, मध्ये नातवाची सायकल. आणि प्रत्यक्षासारखं म्हणजे आवाजही तेवढाच हवा ना? निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. समोरासमोर वाजणारा तबला त्यात कुठे बसतो? आमच्या खालचे गृहस्थ साडेनऊलाच बेल वाजवतात. गणपतीत मात्र त्यांना काही ऐकू येत नाही.

ठेका_कमी_करा
काकू, तबल्याचं नाव काढलंत म्हणून. हल्ली मैफलीत गाणं ऐकायला जायचं की तबला? विलंबित चालू असतो आणि तबलजी साउंडवाल्याकडे बघून सारखं बोट वर करतो. मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात बंदिशीचे शब्दच कळेनात. मध्यंतरात घरी आलो आणि तीच बंदिश ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटवर लावली. स्वच्छ.

तिरकिट
मी तबला वाजवतो, त्यामुळे बोलणं भाग आहे. ते बोट 'माझा तबला वाढवा' म्हणून नसतं हो! समोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकारांसाठी ठेवलेल्या स्पीकरमध्ये, गायक ऐकू येत नाही, म्हणून असतं. लयीतला अंदाज चुकला तर शिव्या कोण खातो? आम्हीच. एका ठिकाणी तर मॉनिटर बंदच होता, समेवर यायला बुवांच्या मानेकडे बघत बसलो. फुकटचा पास घेऊन पहिल्या रांगेत बसायचं आणि इथे येऊन तबलजीला झोडायचं.

ठेका_कमी_करा
तिकीट काढून गेलो होतो. सातशे रुपये. पावती टाकू का?

तिरकिट
टाका. आणि बंदिशीचे शब्द कॅसेटवर तरी कळले का, तेही लिहा.

सनीवेलकर
तबला जरा बाजूला ठेवू या का? इथे मित्राकडे अ‍ॅटमॉसची व्यवस्था आहे, चहूबाजूंनी आणि छतातूनही आवाज देणारी, ७.१.४, म्हणजे एकूण बारा स्पीकर. छतातून तानपुरा हा प्रकार मलाही हास्यास्पद वाटला. पण एका थेट मैफलीत मागून, खांद्याजवळून "क्या बात है" आलं आणि मी चक्क वळून पाहिलं. दोन स्पीकरवर हीच दाद गवयाच्या पोटातून येते. बैठकीत गाणं समोर आणि श्रोते भोवती असतात. तेवढ्यापुरतं हे तंत्र खरं आहे.

खर्जप्रेमी
मागून दाद येण्यासाठी बारा स्पीकर? आमच्याकडे बिनस्पीकरची येते, "आवाज कमी करा" अशी.

बरं, पेटीच्या भात्याचं मान्य. तुमच्या मातोश्रींचे कान चांगले आहेत, त्यात सिस्टिमचं श्रेय किती ते बघू. आणि दोन फूट खुर्ची सरकवली. खर्ज आला. अर्धा_डेसिबल यांना पूर्ण डेसिबल व्हायला हरकत नाही.

सुरेल_संसार
म्हणजे वास्तव हवंच आहे, फक्त फुकटात.

ठेका_कमी_करा
@तिरकिट, पावती सापडली नाही. मॉनिटरचं म्हणणं पटलं असं समजा. पुढच्या वेळी तबलजीऐवजी साउंडवाल्याला शिव्या देईन.

तिरकिट
तोही माझा मित्रच आहे. त्याला इथे बोलावतो.