भेटीगाठी आणि सातबारा

परदेशातून परतल्यावर चुलत भावंडांशी पूर्वीसारखा मोकळेपणा राहत नाही, ही खंत रास्त आहे. गणपतीत सर्वांनी गावी जमावे हा त्यावर सुचवला जाणारा उपाय मात्र मला अपुरा वाटतो. कोकणातल्या घरी त्या दिवसांत मोदकांची गडबड, आरत्या आणि पाहुण्यांची अंथरुणे यांतून दोन माणसांना निवांत बोलायला सवडच मिळत नाही. त्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत, आंब्याची काढणी चालू असताना जावे आणि पेट्या भरायला बसावे, म्हणजे हाताला काम असल्याने बोलणे आपोआप सुरू होते.

दुराव्यामागे पुष्कळदा सातबाराही असतो, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नसली, तरी वारसाहक्काने ती मिळू शकते. त्यामुळे वर्षानुवर्षे कलमांची राखण करणाऱ्या भावाला, हा आता वाटा मागायला आला की काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे (आणि वहिनींना ती त्याच्याही आधी येते). म्हणून आपला इरादा काय आहे, हे तलाठ्याकडे जाण्याआधी स्वतःहून स्पष्ट सांगावे.