प्रतिसाद: पाच वर्षांची म्हणजे कच्चीच का?

पिपात बारा वर्षांहून कमी मुरलेली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की) म्हणजे पैसे वाया, असं वरच्या लेखात म्हटलंय. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या माल्टबद्दल बऱ्याच अंशी मान्य, पण आयला या स्कॉटिश बेटावरच्या धुरकट व्हिस्कीला हे लावू नका, पीटचा (बार्ली वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीसारख्या इंधनाचा) धूर वयाबरोबर मवाळ होत जातो, तो ऐन जोमात हवा असेल तर तरुणच घ्यावी लागते. आयलाच्याच आर्डबेग डिस्टिलरीची वी बीस्टी बघा, 5 वर्षांची, 47.4 टक्के अल्कोहोलची, आणि वय बाटलीवर उघड छापलेलं, ही गोष्ट मला फार आवडते (कायद्याने स्कॉच 3 वर्षं ओकच्या पिपात राहिली की झालं).

आणि तपासायची कशी ते कुणी लिहिलंच नाही. वर निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात ओतून थोडा वेळ नुसती राहू द्या, मग तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरूनच वास घ्या. आधी नासपती, ओलं धान्य असं काहीतरी येतं, ते तरुणपणाचं लक्षण, दोष नाही. पण पाण्याचे चार थेंब टाकूनही नेलपॉलिशसारखा वास नाकाला झोंबतच राहिला तर मात्र मीही ती कच्चीच म्हणेन. वी बीस्टीत पाण्यानंतर मिरी, व्हॅनिला आणि डांबरी धूर छान सुटे होतात. रंगावरून वय ठरवू नका, स्कॉचमध्ये कॅरमेल रंग घालायला परवानगी आहे.