मदत हवी आहे: कोर्निलियाच्या पायऱ्या आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस आईला घेऊन इटलीला जातेय. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण तिकडचा समुद्र बघायचाच हा तिचा हट्ट फार जुना आहे. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांपैकी कोर्निलियात तीन रात्रींची खोली घेतली, तिथे गर्दी कमी म्हणून. पैसे भरल्यावर कळलं की स्टेशन खाली आणि गाव शंभरेक मीटर उंच कड्यावर! मधे लार्दारिना नावाचा विटांचा जिना, पावणेचारशेहून जास्त पायऱ्या. पोटात गोळाच आला. कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का? शिवाय आई अंडंसुद्धा खात नाही. तिच्या जेवणाचं काय करू?

प्रतिसाद:

ताई, खोली रद्द करू नका. मी सासूबाईंना घेऊन गेलो होतो, जिन्याची एक पायरीही चढलो नाही. स्टेशनपासून वर छोटी बस जाते. चिंक्वे तेर्रे ट्रेनो कार्ड घेतलंत की ही बस आणि ला स्पेत्सिया ते लेवांतो मधल्या गाड्या त्यातच येतात. मात्र बस रात्री उशिरा नसते, म्हणून उजेडी पोहोचा. बसथांब्यापासून मुख्य गल्ली, व्हिया फिएस्की, बरीचशी सपाट आहे. घरमालकाला आजच विचारा: या गल्लीपासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? खरी मेख तिथे असते.

बोटीचा मोह आईसाठी टाळा. कोर्निलियाला धक्काच नाही, आणि बाकी गावांत हलत्या फळीवरून चढावं लागतं. त्यापेक्षा रेल्वेने मोंतेरोस्सोला जा, ते पाचांपैकीच एक गाव. स्टेशनाबाहेर पडलं की रस्त्यापलीकडे वाळूचा किनारा. सासूबाई तिथे साडी घोट्यापर्यंत उचलून पाऊण तास पाण्यात उभ्या होत्या, हलायलाच तयार नव्हत्या.

जेवणात फारिनाता मागा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या पोळ्याचा जाडजूड भाऊ. फोकाच्चा हा तिकडचा जाड पावही चालेल, पण वर काय घातलंय ते बघून घ्या, तिकडे अँकोव्ही मासे फार. पेस्तो या हिरव्या चटणीत चीज असतं आणि पार्मेजानो चीजला दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, ते आईंना आधी सांगा. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा' म्हणजे मांस, मासे, अंडं नको. चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पर्समध्येच ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती:

दादा, खूप खूप आभार. घरमालकाला लगेच निरोप टाकला. खोली गल्लीलगत आहे, आत फक्त सहा पायऱ्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "सहा काय, बारा चढेन."